बाबांच्या खोलीतलं धुराडं

फिंटन,

हॉस्पिटलमधून फोन आला, मी निघतेय. डॉक्टर म्हणतात, बाबांचा आजचा दिवस निघणं कठीण आहे.

उठलास की स्वयंपाकघरातलं धुराडं साफ कर. वर कावळ्यांचं घरटं आहे. हॉलीचं काटेरी झुडूप दोराला बांधून ठेवलंय. शेजारच्या मालाकीला छपरावर चढव, त्याला दोर धुराड्यातून खाली सोडू दे आणि तू खालून ओढ, म्हणजे झुडपाबरोबर घरटं आणि काजळी खाली येईल. तू चढू नकोस, रात्रीची अजून उतरली नसेल. मग जाळ कर, माणसं भेटायला येतील.

काल बाबा म्हणाले, "नोरीन, आधी माझ्या खोलीतलं धुराडं साफ करा गं. घरी आल्यावर मला गारठा सोसणार नाही." मी हो म्हटलं.

त्या धुराड्याला हात लावू नकोस. दफनापर्यंत शवपेटी तिथेच ठेवायची आहे, ती खोली गारच हवी.

नोरीन