शेगडी आत कोणी घेतली

प्रिय श्रेया,

मंगळवारी तुझे तीन फोन येऊन गेले. मी ते मुद्दाम उचलले नाहीत. उचलले असते तर तू नेहमीसारखी म्हणाली असतीस, “नूपुर, तू आहेस म्हणून मी इथे हैदराबादला निवांत झोपते.” मीही नेहमीसारखंच म्हटलं असतं, “अगं, त्यात काय!” पंधरा महिने आपलं हे असंच चाललंय. कागदावर बरं असतं, मध्येच कुणी आभार मानत नाही.

आधी तुझ्या अप्पांचं सांगते. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पण उजव्याने जवळजवळ दिसत नाही. जेवण कमी झालंय. शेजारच्या काकू आमटीभात आणून देतात, त्यातला अर्धा ते झाकून ठेवतात आणि संध्याकाळी तोच खातात. सकाळी गॅलरीत बसतात. समोरच्या टॉवरमुळे आता नऊनंतरच ऊन येतं, तोवर ते शाल घेऊन वाट बघत बसलेले असतात. तब्येतीचं विचारलं की म्हणतात, “माका काय जाता? मी आसंय.” हे सगळं तुला फोनवर कळतंच. एक गोष्ट मात्र त्यांनी तुला खोटी सांगितली आहे आणि मी तिला साथ दिली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्यांना भुलेश्वरला देवदर्शनाला नेते, असं तुला माहीत आहे. आम्ही देवळात जात नाही. आम्ही फणसवाडीत जातो, इरावतीच्या आईकडे.

कमलताई तिथे तिसऱ्या मजल्यावर राहतात, साड्यांना फॉल-पिको करतात. इरावती त्यांची एकुलती. तुझ्या गौतमदादाबरोबर त्या तंबूत तिचा जीव गेला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. पहिल्यांदा गेलो तेव्हा कमलताईंनी दार लावून घेतलं. अप्पा पायरीवर बसून राहिले. तासाभराने उठून बंद दाराला हात जोडले आणि मुलाच्या वतीने म्हणाले, “माझ्या झिलान चुकी केल्यान. माफी मागूक इलंय.” दुसऱ्या महिन्यात तेच. पाचव्या की सहाव्या महिन्यापासून दार उघडं राहू लागलं, पण कमलताई मशीनवरून मान वर करत नसत. अप्पा उंबऱ्याबाहेर उभे राहून तेच वाक्य म्हणत आणि आम्ही परत फिरत असू. त्या अंधाऱ्या जिन्यात प्रत्येक वेळी त्यांचं कोपर माझ्या हातात असायचं. “सांभाळून, अप्पा, इथे पायरी तुटकी आहे,” असं मी सांगायचे.

गौतमदादाची आठवण तुझ्यापेक्षा मी काय वेगळी सांगणार? पण एक गोष्ट तू कधी पाहिली नाहीस, कारण तू आमच्याबरोबर डोंगरात कधी आलीच नाहीस. नवीन माणसं आली की तंबू लावून झाल्यावर तो सगळ्यांना गोल बसवायचा आणि स्वयंपाकाचे नियम सांगायचा. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो. दोरी, खिळा, ब्रेक यांच्यावर त्याचा आंधळा विश्वास नव्हताच. तंबूच्या आत माणूस आणि अंथरूण, बाकी काही नाही. चूल दहा पावलं लांब, आणि वारा तंबूकडून चुलीकडे जाईल अशा बाजूला. गॅसचा डबा बदलायचा तर उघड्यावर, आजूबाजूला विस्तव नसताना. पाऊस आला तर उपाशी राहा, बिस्किटं खा, पण स्टोव्ह आत घ्यायचा नाही. मग तो जरा थांबायचा आणि म्हणायचा, “धुराला माणूस घाबरतो, पळतो. निखाऱ्याला धूर नसतो, वास नसतो. म्हणून निखाऱ्याला जास्त घाबरा.” हे मी अकरा वेळा ऐकलंय. त्याच्या शब्दांत, त्याच क्रमाने मला पाठ आहे. त्या जानेवारीत त्याने स्वयंपाकाची जबाबदारी पहिल्यांदा माझ्यावर टाकली होती. मला किती मिरवावंसं वाटलं होतं ते तुला फोन करून सांगितलंही होतं.

त्या दिवशी आम्ही नऊ जण होतो. घाटमाथ्यावरचं मोकळं पठार, तीन तंबू. गौतमदादाला आदल्या दिवसापासून ताप होता. सकाळी तो सगळ्यांना सूचना देऊन गोळी घेऊन मोठ्या तंबूत झोपला, कानटोपी घालून, स्लीपिंग बॅगेत डोक्यापर्यंत शिरून. दुपारी जेवण होता होता आभाळ भरून आलं आणि भर जानेवारीत गारांचा पाऊस पडला. वीस मिनिटांत दोन तंबू आडवे झाले. गौतमदादाचा मित्र राकेश याने ठरवलं की खालच्या गावातल्या शाळेच्या ओसरीवर मुक्काम हलवायचा. स्वयंपाकाचं सामान तेवढं ठेवून तो बाकीच्यांना घेऊन पुढे निघाला. मी मागे राहिले, गौतमदादाला उठवण्यासाठी आणि इरावतीसाठी. ती झऱ्यावर भांडी घासायला गेली होती आणि उघड्यावर सापडली होती. चिंब भिजून आली. ओठ निळे पडले होते. दात इतके वाजत होते की तिला स्वतःचं नावही धड सांगता आलं नसतं. तिला कोरडे कपडे दिले, मोठ्या तंबूत गौतमदादाच्या पलीकडे पांघरुणात घातलं. तरी ती थरथरत होती.

पोलिसांच्या कागदात इथपर्यंत खरं आहे, श्रेया. पुढचं खरं नाही.

दुपारी कांदे-बटाटे भाजायला पेटवलेली लोणारी कोळशाची शेगडी खडकाच्या आडोशाला होती. वरून ताट झाकल्यामुळे निखारे शाबूत राहिले होते, लालबुंद. धूर अजिबात नव्हता. मी ती दोन फडक्यांनी उचलली आणि तंबूत नेऊन पायथ्याशी ठेवली. मला आठवलं नाही, असं मी म्हणणार नाही. मला आठवलं. दादाचा आवाज कानात आला आणि मी त्याला मनात उत्तर दिलं, की दहा मिनिटंच. तंबूची चेनही चार बोटं उघडी ठेवली. चार बोटांचा नियम दादाने कधीच सांगितला नव्हता, तो मी त्या क्षणी तयार केला. इरावतीने शेगडीवर हात धरले. दादा झोपेत कुशीवर वळला. त्याला उठवून विचारलं असतं तर त्याने तापातही शेगडी लाथेने बाहेर उडवली असती, म्हणूनच कदाचित मी त्याला उठवलं नाही. झोपू दे बिचाऱ्याला, असं स्वतःला सांगितलं. तेवढ्यात खालून राकेशने हाक मारली, दोर हवा होता, वाटेत एक टप्पा निसरडा झाला होता. दोर माझ्या पिशवीत होता. “आलेच,” असं इरावतीला म्हणून मी उतरले.

परत यायला मला पावणेदोन तास लागले.  खाली एकीचा पाय मुरगळला होता, तिला धरून शाळेपर्यंत पोचवलं, आणि शेगडी डोक्यातून निघून गेली. वर आले तेव्हा पाऊस थांबला होता. चेन पूर्ण बंद होती. वाऱ्यामुळे इरावतीने ओढून घेतली असावी. मी थोडी उघडून आत डोकावले. दोघं शांत पडले होते. इरावतीचे गाल गुलाबी दिसत होते. मघाशी निळी पडलेली मुलगी, आता छान रंग आलेला. मला इतकं बरं वाटलं, श्रेया! गार वारा आत जाऊ नये म्हणून मी चेन पुन्हा लावली आणि त्यांच्यासाठी चहा करायला गेले. दहा पावलं लांब, वारा बघून, स्टोव्ह सपाट दगडावर. सगळे नियम पाळले. वीस मिनिटांनी दोन पेले घेऊन गेले, तेव्हा इरावतीला हलवलं आणि तिची मान पडली.

गुलाबी गाल हे निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूचंच लक्षण असतं, हे ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं. मी पहिल्यांदा डोकावले तेव्हा त्या दोघांत जीव होता का, हे सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले. मी ते दुसऱ्या कुणाबद्दल विचारतेय असं भासवून विचारलं होतं.

माझी किंकाळी ऐकून राकेश वर धावत आला. शेगडी हातानेच बाहेर फेकताना त्याचा तळवा भाजला. तो दादाची छाती दाबत होता आणि रडत ओरडत होता, “गौत्यानं शेगडी आत घेतली? गौत्यानं?” श्रेया, मी ‘हो’ म्हटलं नाही. ‘नाही’ही म्हटलं नाही. गप्प बसायला किती थोडा वेळ लागतो! पुढे पोलिसांनी विचारलं तेव्हा मात्र मी बोलले. मी गावात गेले होते, शेगडी आत कधी आली ते मला माहीत नाही, असं सांगून खाली सही केली. ताप आलेल्या म्होरक्याला थंडी वाजली, त्याने निष्काळजीपणा केला, स्वतः गेला आणि एका पोरीला घेऊन गेला, हे सगळ्यांना पटलं. जो इतरांना शिकवायचा तोच चुकला, असं लोक म्हणाले. तूही एकदा फोनवर रागाने म्हणालीस, “दादा इतका मूर्ख कसा वागला गं?” आणि मी तुझी समजूत घातली.

खरं सांगायचं धाडस मला आपणहून झालं, असं समजू नकोस. मागच्या रविवारी आम्ही फणसवाडीत गेलो. अप्पांनी त्यांचं वाक्य म्हटलं. कमलताईंनी पहिल्यांदा मशीन थांबवलं आणि म्हणाल्या, “तुम्ही येता, हात जोडता, आणि मला प्रत्येक वेळी नव्यानं दिसतं की तुमच्या मुलानं माझ्या पोरीला मारलं. काय शिकवलंत हो त्याला?”  अप्पा उंबऱ्याच्या आत जाऊन गुडघ्यांवर बसले, चाचपडत कमलताईंचे पाय शोधले आणि त्यांवर डोकं टेकलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. कमलताई पाय मागे घेत “नको, नको” म्हणत रडायला लागल्या. मी दारात उभी होते. तेव्हाही मी बोलले नाही. त्यांना उठवलं, टॅक्सीत घातलं, घरी आणलं. बुधवारी दुपारी पुन्हा करी रोडला अप्पांकडे गेले आणि सांगितलं.

अप्पांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मी संपवल्यावर विचारलं, “गौतमाक ठावक होता?” मी म्हटलं, “नाही अप्पा, तो झोपला होता.” “एकदाय जागो झालो नाय?” “नाही.” मग ते म्हणाले, “येवढे म्हयने मी माझ्याच झिलाक गुन्हेगार म्हणत इलंय. पंधरा येळा. आणि तू माझो हात धरून हुबी.” त्यांचा आवाज चढला नाही. मला वाटत होतं त्यांनी मारावं. त्यांनी पाणी मागितलं, मी आणून दिलं, आणि त्यांनी ते प्यायलं नाही.

काल शुक्रवारी ते मला घेऊन कमलताईंकडे गेले. जिन्यात त्यांनी माझा हात घेतला नाही, कठडा धरून एकेक पायरी चढले. मी सगळं सांगितलं. कमलताईंनी अप्पांकडे पाहून पहिल्यांदाच “बसा” म्हटलं आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. मग मला विचारलं, “तू निघालीस तेव्हा ती काय म्हणाली?” मी सांगितलं, ती म्हणाली, “ताई, आता ऊब आली.” “परत सांग,” कमलताई म्हणाल्या. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगायला लावलं. मग म्हणाल्या, “आता माझ्या घरातनं जा.” मी एकटीच खाली उतरले. अप्पा वर बसून राहिले.

सोमवारी मी त्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन जबाब बदलणार आहे. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, वकिलांनाही नक्की सांगता येत नाही. पण हे पत्र त्यासाठी नाही, आणि तुझी माफी मागण्यासाठीही नाही. ती मागायला माझ्याकडे तोंड नाही. काल रस्त्यावर मी अप्पांची वाट बघत थांबले होते. खाली आल्यावर ते म्हणाले, “श्रेयाक तूच कळव. तोंडी नको, लिवन दी.” दादाच्या तेराव्याला चाळीच्या हॉलमध्ये अप्पांनी सगळ्यांसमोर उभं राहून, आपल्या मुलाच्या हातून दोघांचा जीव गेला म्हणून माफी मागितली होती, हे तुला आठवत असेल. त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांना बोलावून, हे पत्र तू मोठ्याने वाचायचं आहे, असं अप्पांचं म्हणणं आहे. त्यांना स्वतःला वाचता येत नाही आणि माझ्या तोंडून त्यांना ते ऐकायचं नाही. म्हणून मी शेगडी कशी उचलली इथपासून सगळं लिहिलंय. तुला मधलं काही गाळावंसं वाटेल, माझ्यासाठी नाही तरी आपल्या मैत्रीसाठी. गाळू नकोस. तिकीट काढ आणि ये. मी त्या दिवशी हॉलमध्ये शेवटच्या रांगेच्या मागे उभी असेन. अप्पांनी तसंच सांगितलंय. माझं नाव येईल तिथे आवाज खाली आणू नकोस.

तुझी,
नूपुर