भाच्याचं नाव

ता. ९ नोव्हेंबर

ती. ताईस,

बारक्याचा नमस्कार.

तू आणि भाऊजी खुशाल असाल. भाऊजींचा गुडघा कसा आहे? तुझा लेक परीक्षा पास झाला असं ऐकलं, त्याला माझे आशीर्वाद सांग. माझं ठीक चाललंय. खोली तीच, जिन्याशेजारची. वरच्या मजल्यावर कोण चढलं, कोण उतरलं हे पावलांवरून ओळखतो. माझ्या दाराशी मात्र कुणाची पावलं थांबत नाहीत.

चौदा महिन्यांनी पत्र लिहितोय, तेव्हा नुसती ख्यालीखुशाली कळवून भागणार नाही. पण आधी आनंदाची बातमी. माझ्या क्रेडिट कार्डाचं देणं मिटलं. बँकेने परवा 'काही बाकी नाही' असं पत्र दिलं.

कसलं देणं, असं तू विचारशील. तुला मी कधी सांगितलंच नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी आमची कवळ्या बनवायची लॅब बंद पडली. मोठ्या लॅबवाल्यांनी यंत्रं आणली. संगणकावर जबडा उमटतो आणि दात छापून बाहेर पडतात. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण माझं तीस वर्षं दात कोरूनच भरलं होतं. ते थांबलं. नंतर दुसऱ्या लॅबमध्ये काम मिळालं, नगावर. कवळीला पॉलिश करायचं. त्यात भाडं आणि जेवण निघतं, बस.

आणि त्याच काळात मी आईला सांभाळणाऱ्या बाईचे पैसे दर महिन्याला तुला पाठवत होतो. एकदाही चुकलो नाही. ते पैसे माझे नव्हते, ताई. कार्डावर रोख उचललेले होते. अशा पैशांवर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. आई गेली तेव्हा देणं माझ्या दोन वर्षांच्या कमाईएवढं झालं होतं.

मग वसुलीचे फोन सुरू झाले. रोज सकाळी दहाला. एक मुलगी बोलायची, तोडून बोलायची. तुला हसू येईल, पण मी त्या फोनची वाट बघायला लागलो होतो. दिवसभरात तेवढाच एक आवाज मला उद्देशून यायचा. रविवारी तिला सुट्टी असायची आणि मला दिवस खायला उठायचा.

मग एक दिवस वेगळाच माणूस बोलला. "काका, मी बँकेच्या तडजोड विभागातून बोलतोय. जेवलात का?"

जेवलात का! आई गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. तो रोज फोन करू लागला. म्हणाला, "काळजी करू नका काका, तीस टक्क्यांत मिटवून देतो." बोलता बोलता मी त्याला आईचं सांगितलं. फोनवर रडलो. तुझ्यापाशी जे अश्रू ढाळायचे होते, ते त्याच्यापाशी ढाळले. तो सगळं ऐकून घ्यायचा. मला वाटलं, किती भला माणूस.

त्याच्या सांगण्यावरून मी माझी छोटी भट्टी, घासायचं यंत्र, हत्यारं, सगळं विकलं. कधीतरी घरीच काम सुरू करीन म्हणून ठेवलं होतं ते. पैसे हातात आले तसा तो म्हणाला, "आज चारच्या आत या खात्यात टाका, नंतर सवलत जाईल. आणि काका, बँकेत कुणी विचारलं तर भाच्याला पाठवतोय म्हणा. खालच्या लोकांना यातलं काही माहीत नसतं."

रक्कम मोठी म्हणून फोनवरून जाईना. तेव्हा मी शाखेत गेलो. खिडकीत चष्मा लावलेल्या, पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी फॉर्म पाहिला.

"कुणाला पाठवताय?"

"भाच्याला."

"हे तर कुठल्याशा दुकानाचं खातं आहे. भाच्याचं नाव काय?"

ताई, तुझ्या लेकाचं नाव माझ्या ओठावर आलं होतं. ते सांगितलं असतं तर काम झालं असतं. पण त्याचं नाव त्या परक्या खात्याला लावायला जीभ वळेना. जन्मभर लोकांच्या तोंडात दात बसवले आणि ऐन वेळी माझीच दातखीळ बसली.

बाईंनी फॉर्म बाजूला ठेवला. हळूच म्हणाल्या, "तुम्हाला कुणी असं सांगायला लावलंय का?"

मी तिथेच बाकावर बसलो आणि सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. पाणी दिलं. म्हणाल्या, "आधी हे ध्यानात ठेवा. बँक तडजोडीचे पैसे कधीही दुसऱ्याच्या खात्यात मागत नाही. बँकेचं लेखी पत्र हातात पडल्याशिवाय एक पैसा भरू नका. आणि जो म्हणतो बँकेला विचारू नका, त्याला तर मुळीच देऊ नका."

त्यांनी मला वरच्या मजल्यावर, खऱ्या वसुली विभागात पाठवलं. तिथला साहेब रुक्ष होता. जेवलात का वगैरे काही नाही. पगाराच्या चिठ्ठ्या मागितल्या, लॅब बंद झाल्याचा कागद मागितला. तीन चकरा झाल्या. शेवटी पंचेचाळीस टक्क्यांवर आला. हत्यारांचे पैसे पहिल्या खेपेला आणि उरलेलं दोन हप्त्यांत, रात्रीचं जादा काम घेऊन. पत्रात माझ्या कार्डाचे शेवटचे आकडे, रक्कम, तारखा आणि 'यानंतर काही येणे राहणार नाही' हे वाक्य आहे की नाही, ते खिडकीतल्या बाईंनी स्वतः वाचून पाहिलं. मी पैसे माझ्या खात्यातून थेट कार्डाच्या खात्यात भरले आणि पावत्या जपून ठेवल्या. साहेब म्हणाला, "पूर्ण फेडलं असं नाही, तडजोडीने मिटवलं असं नोंदीत दिसेल. काही वर्षं कर्ज मिळणं अवघड जाईल." मी म्हटलं, दिसू दे. खोटं तर नाही ना ते.

त्या गोड आवाजाचा फोन पुन्हा आला. पैसे बँकेतच भरले म्हणून सांगितलं. तो "काका, काका" करत राहिला. शेवटी एक शिवी हासडून त्याने फोन ठेवला. पोलिसात त्याचा नंबर दिलाय. पण खरं सांगू? त्यानंतर काही दिवस मला चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. इतकी वाईट दशा झाली होती माझी.

आता राहिलेलं लिहितो. दोनदा उठलो लिहिता लिहिता.

आई शेवटच्या आठवड्यात मला बोलावत होती. तू तीनदा फोन केलास. मी म्हटलं, कामातून सुटका नाही. नंतर तू म्हणालीस, "पैसे पाठवलेस, तू नाही आलास." आणि फोन ठेवलास. तुला वाटेल, माझ्याकडे तिकिटाला पैसे नव्हते हे ऐकून तू मला माफ करावंस म्हणून हे पत्र आहे.

तसं नाही. तिकिटाचे पैसे होते. त्या महिन्याचे तुला पाठवले, त्याच्या पावपटही तिकीट नव्हतं. मी आलो नाही, कारण आईने माझा हात हातात घेतला असता आणि विचारलं असतं, "बारक्या, बरं चाललंय ना रे तुझं?" तिच्यासमोर मला खोटं बोलता आलं नसतं आणि खरं बोलायची हिंमत नव्हती. पैसे पाठवणं त्याहून सोपं होतं. म्हणून पाठवत राहिलो. त्या देण्याची तडजोड बँकेशी झाली. या देण्याची कुणाशी करू?

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. साडेअकराच्या सुमारास तुझ्या दाराशी असेन. बेल एकदाच वाजवीन. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस. थोडा वेळ पायरीवर बसेन आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाईन. राग धरणार नाही.

भाऊजींना नमस्कार.

आईच्या वेळेला न आलेला,
तुझा बारक्या