नझारच्या सात नंबरची ट्रॉलीबस

४ सप्टेंबर
कोर्सला नाव नोंदवलं. ट्रॉलीबसचे निम्मे ड्रायव्हर युद्धात, आघाडीवर गेलेत, म्हणून डेपो बायकांना आणि साठी उलटलेल्यांना फुकट शिकवणार आहे. मी बासष्ट. आयुष्यभर लग्नांत सूत्रसंचालन केलं. दोनशे नातेवाईक सांभाळले, त्याला एक बस काय जड? शिवाय नझार, माझा मुलगा, याच डेपोत सात नंबर चालवायचा. मार्चपासून आघाडीवर बेपत्ता आहे. बेपत्ता म्हणजे सापडायचा आहे. तोवर त्याची सीट घरातच राहावी.
सून सोलोमियानंही नाव घातलं. तिचं नखं रंगवायचं दुकान बंद पडलंय. म्हणाली, बाबा, तुम्हाला एकट्याला पाठवायला भीती वाटते. बिचारीला आधार लागतो.

९ सप्टेंबर
पहिला दिवस छान. तीन पेडल असतील वाटलं होतं, दोनच निघाले. तेवढा अभ्यास कमी. शिकवणाऱ्या झिनायदा पावलिव्हना जरा तुसड्या आहेत.

१७ सप्टेंबर
चौकात वरच्या विजेच्या तारा एकमेकींना छेदतात, तिथं हळू जायचं असतं. मी आत्मविश्वासानं गेलो. छतावरच्या दोन्ही दांड्या तारेवरून निसटल्या, बस जागच्या जागी थंड. मग उतरून, मागची दोरी ओढून, दांड्या परत बसवायच्या. बराच वेळ गेला. झिनायदाबाई मला म्हणाल्या, स्टेत्सुक, मासे पकडताय का?
वारा होता. सोलोमियाच्या वेळी नेमका पडला.

२ ऑक्टोबर
वीज नाही. विजेविना ट्रॉलीबस म्हणजे नुसती बाकडी. घरीच प्रॅक्टिस केली. स्टूल, हातात पातेल्याचं झाकण. नात झ्लाता प्रवासी. विचारते, आजोबा, पप्पांचा स्टॉप कधी येणार? म्हटलं, पुढचाच.
सोलोमिया उठून बाल्कनीत गेली. थंडीत काय करते कोण जाणे.

२१ ऑक्टोबर
वर्ग निम्मा रिकामा. एकीच्या घरावर ड्रोन पडला, ती आईकडे गावी गेली. दोघी जर्मनीला गेल्या. उरलेल्यांत मीच सीनियर. माझे चान्स वाढले.

६ नोव्हेंबर
परीक्षा. सोलोमिया पास. मी जवळजवळ. डॉक्टर म्हणतात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांच्या खोलीत दिवे नव्हते, तिथं कुणालाही मोतीबिंदू निघेल. झिनायदाबाई पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. म्हणाल्या, स्टेत्सुक, तुम्ही लाल सिग्नल ओलांडलात, आणि तो तुम्हाला दिसलाच नाही हो. म्हटलं, ऑपरेशन करून येतो. म्हणाल्या, या.
सात नंबर सोलोमियाला मिळाला. सीट घरातच राहिली. म्हणजे प्लॅन यशस्वी.

३ डिसेंबर
तिच्या बसमधून शेवटपर्यंत गेलो आणि आलो. शेजारच्या बाईंना सांगितलं, ही माझी सून, तात्पुरती चालवतेय. मुलगा आला की तो घेईल. सोलोमियानं आरशातून बघितलं. घरी आल्यावर न जेवता झोपली. दमते. रजेला बदली ड्रायव्हर नाही, सुट्टीच नाही तिला.

१४ जानेवारी
सोलोमिया म्हणते, पोलंडला जाते, लुब्लिनला. तिथंही ट्रॉलीबस आहेत, तिथंही ड्रायव्हर नाहीत, आणि झ्लाताला रात्रभर झोप लागेल. मी विचारलं, नझार आला तर तुम्हाला कुठं शोधेल?
भांडी घासता घासता, न वळता म्हणाली, बाबा, त्याच्या तुकडीतला मुलगा ऑगस्टमध्ये येऊन सांगून गेला. त्यानं नझारला पडताना स्वतः पाहिलं होतं. मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं. तुम्ही रेडिओ मोठा केलात.
मला आठवत नाही. उन्हाळ्यापर्यंत परत येतील दोघी.

२७ जानेवारी
दोघी गेल्या. चालवायला कुणी उरलं नाही, सात नंबर बंद झाला. झिनायदाबाईंनी फोन करून काम दिलं: थोडे दिवस स्टॉपवर उभं राहून लोकांना सांगायचं, बस येणार नाही.
बर्फ. माणसं ऐकत होती, मान हलवून चालू लागत होती. एक बाई मात्र थांबून राहिली, हातात बटाट्यांची पिशवी. तिनं विचारलं, येणारच नाही का हो?
उन्हाळ्यात येईल, असं म्हणायला तोंड उघडलं.
म्हणालो, नाही येणार, बाई. पिशवी इकडे द्या, पुलापर्यंत सोडतो.