उंबऱ्याखालचा भुंगेरा

आबा, तुम्ही गेल्यावर जन्मलेली माझी धाकटी आता दुसरीत आहे, आणि तिच्यापायी मला मुंग्यांची भीती वाटायला लागली आहे. तुम्ही हसाल. मेंढरांमागं लांडग्याला दगड मारणारी तुमची पोर उत्रोलीच्या पक्क्या घरात मुंगीला भिते म्हणजे काय!

वेल्ह्याच्या माळावर आपला तळ पडला होता तेव्हाची गोष्ट. चुलीसाठी तुम्ही दगड उचललात, तर खाली तांबड्या मुंग्यांचं घर. त्या गर्दीत एक बारीक तांबूस भुंगेरा. मुंग्या त्याला चावत नव्हत्या, चाटत होत्या, आणि एक तर आपल्या तोंडातलं त्याला भरवत होती. मला तो काडेपेटीत ठेवायचा होता. मी हात पुढं केला आणि तुम्ही मनगट धरलंत. "त्याच्या अंगाला ग्वाड पाझरतं, त्या चाटत्यात. त्याचं पोट त्या भरत्यात. हितनं काढलंस तर मरंल त्यो." तेवढ्यात मुंग्यांनी अंडी उचलली, आणि भुंगेऱ्यालाही मिशीला धरून आत ओढून नेलं. तळ हलवताना तुम्ही तिथं चिमूटभर पीठ टाकलंत. ज्यांच्या जागेवर राहिलो त्यांना काहीतरी द्यायचं, ही तुमची रीत.

ती रीत मी सासरी आणली, तीच अंगाशी आली. आमच्या उंबऱ्याच्या फटीत तशाच मुंग्या निघाल्या, त्यांच्यात तसाच भुंगेरा. मी हरखून पोरीला तो दाखवला, तुमचं सगळं सांगितलं, आणि रोज तिच्या हातानं पीठ टाकायला लावलं. श्रावणात एका सकाळी मुंग्या तिच्या पायावर चढल्या. चावल्या तर चावल्या, म्हणून मी हळद लावली आणि भाकरी थापायला बसले. वळून बघते तर ओठ सुजलेले, डोळे मिटलेले, श्वासाला शिट्टी लागलेली. शेजाऱ्यांच्या टेम्पोतून भोरला निघालो. रस्ता सरत नाही, तिची मान माझ्या हातावर कलते आहे आणि मला एकाही देवाचं नाव आठवत नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ती वाचली. पण पुन्हा चावल्या तर एवढा वेळ मिळेलच असं नाही, असं ते म्हणाले. तेव्हापासून ती नुसती खोकली तरी माझ्या हातातलं भांडं खाली पडतं.

आणि ही बया चोरून पीठ टाकतच होती. मी रागावले तर मलाच म्हणते, "अगं, भुंगेरा उपाशी मरंल की." परवा ती शाळेत गेल्यावर ह्यांनी दुकानातून आणलेली पावडर मी फटीत ओतली. मुंग्या अंडी घेऊन बाहेर आल्या आणि तिथंच गडबडा लोळल्या. दोघी भुंगेऱ्याला ओढत होत्या. तुम्ही आता हात धराल असं वाटून मी क्षणभर थांबले. मग उरलेली पुडीही मोकळी केली.

संध्याकाळी ती उंबऱ्याशी बसून राहिली. आज कुणीच आलं नाही म्हणाली. मी सांगितलं, मुंग्या डोंगरावर आजाकडं राहायला गेल्या.

"भुंगेऱ्याला घिऊन?"

"व्हय, घिऊन."

ती खूश झाली. आता रोज विचारते, परत कधी येणार. मी फट सिमेंटनं बुजवली आहे, तरी दिवसातून कितीदा तरी वाकून बघते. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते. तुमच्या नावावर खोटं बोलले याचं मला वाईट वाटत नाही आबा. मुंग्या परत आल्या तर मी परत तेच करीन, तुम्ही स्वतः दारात उभे राहिलात तरी.