एकशे चारवरचा काटा

भाद्रपद वद्य सप्तमी, शके १८५४. देवास.

पोचलो एकदाचा! शिप्रेच्या पुलापाशी मोटार बंद पडली तेव्हा सगळे उतारू ड्रायव्हरला शिव्या घालत होते आणि मी एकटा खिदळत होतो. समोर देवीची टेकडी दिसत होती आणि तिच्या पायथ्याच्या माळावर माझं नशीब उभं होतं. दोन पंखांचं, रुपेरी, पोटाला तेलाचे डाग पडलेलं. सरदार हंबीररावसाहेबांचं विमान! उद्यापासून त्याची देखभाल माझ्याकडे.

कॉलेज सुटलं नाही, मी सोडलं. प्रोफेसर भर वर्गात मला टोचून बोलले, मी पुस्तक त्यांच्या टेबलावर आपटलं आणि चालता झालो. त्याचं दुःख नाही. दुःख हे, की ती बातमी माझ्याआधी धारला पोचली. विद्युल्लतेच्या वडिलांनी, म्हणजे धार दरबारच्या चिंतामणरावांनी, आमच्या तात्यांना साफ कळवलं, की अर्ध्यावर सोडणाऱ्याला आम्ही मुलगी देत नाही. ठीक आहे. आता आभाळातूनच धारला उतरतो. बघू कोण नाही म्हणतं!

गणोजी म्हणून इथला जुना माणूस आहे. हाताने पंखा फिरवून इंजिन चालू करणं हे त्याचं काम. मला बघून पहिलं वाक्य काय, तर भिया (भावाला इकडे असंच म्हणतात), सराध चालू आहेत, पितृपक्षात कुणी नवं काम धरतं का? मी म्हटलं, प्रेमात पडलेल्याला पंचांग नसतं. हसला नाही.

भाद्रपद वद्य नवमी

साहेब राजा माणूस. भरघोस मिशा, एक पाय किंचित ओढत चालतात. सगळं स्वतः समजावून दिलं. पाहुणा पुढच्या बैठकीत, चालवणारा मागच्या. दोघांत रबराची बोलनळी, कारण इंजिनाच्या आवाजात ओरडूनही ऐकू जात नाही. मागच्या बैठकीसमोर मापाची घड्याळं. त्यांतलं एक तेलाच्या उष्णतेचं. त्याची पितळी कुपी तेलात बुडलेली, तिथून केसासारखी बारीक तांब्याची नळी काट्यापर्यंत. तेल फार तापलं तर इंजिन जागीच आवळतं आणि मग देवीचं नाव घ्यायचं, असं म्हणाले.

मग बातमी दिली ती अशी, की रात्रभर झोप येणार नाही. दसऱ्याला विमान घेऊन ते धारला जाणार. सीमोल्लंघन आभाळातून! तिथे मानकऱ्यांच्या मुलींना एक एक फेरी. पहिली फेरी चिंतामणरावांच्या मुलीची.

माझ्या हातचं पुसलेलं विमान. त्यात ती.

भाद्रपद वद्य एकादशी

एक गंमत. सकाळी विमानावर दव होतं, इंजिनाला हात लावला तर गार दगड. आणि तेलाचा काटा मात्र एकशे चारवर. डॉक्टरांच्या थर्मामीटरचेच अंश. म्हणजे आमच्या विमानाला ताप भरला! गणोजीला म्हटलं, कोयनेल आण. तो चुन्याची डबी घेऊन लांब जाऊन बसला.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, सगळी घड्याळं खोटारडी; मी काट्यावर उडत नाही, कानावर उडतो.

भाद्रपद वद्य त्रयोदशी

रोज सकाळी तेच. एकशे चार. उडताना काटा शहाण्यासारखा चढतो, उतरल्यावर उतरतो, आणि एकशे चारला येऊन थांबतो.

आज मला राग आला. कुपी बाहेर काढली आणि उकळत्या पाण्यात धरली. काटा बरोबर दोनशे बारावर. विहिरीच्या पाण्यात धरली, तर सरसर खाली. घड्याळात खोट नाही. कुपी पुन्हा गार तेलात सोडली. माझ्या डोळ्यांदेखत काटा चढत गेला आणि एकशे चारवर स्थिर झाला.

घड्याळ खरं बोलतं आहे. मग एकशे चार आहे काय?

सर्वपित्री अमावास्या

पुढच्या बैठकीवर साहेब नेहमी ताडपत्री घट्ट बांधून ठेवतात. आज पुसायला म्हणून सोडली. कातडं ऊन होतं. उन्हाने तापावं तसं नव्हे. आत्ताच कुणी उठून गेल्यावर गादी लागते तसं. आणि पाठ टेकायच्या जागी ओल.

गणोजीला गाठलं. शपथ घातली, तेव्हा बोलला.

माझ्याआधी इथे मानाजी होता. गेल्या वर्षी खंडेनवमीला तलवारी-बंदुकांबरोबर विमानाचीही पूजा करायचं ठरलं. अख्खं विमान पाटावर बसेना, म्हणून मानाजीने हे तेलाचं घड्याळच काढलं, धुतलं, हळदकुंकू वाहून पाटावर मांडलं. परत बसवताना तांब्याची नळी मुडपली. काटा मेला. पूजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, म्हणून दुरुस्ती राहिली. दसऱ्याला साहेब उडायला उभे. मानाजीला हिवताप भरलेला, अंग फणफणलेलं. तो पाया पडला, की काटा हलत नाही, आज नको. साहेबांनी त्यालाच पुढे बसवलं. म्हणाले, तू इंजिनाजवळ आहेस, हाताने बघ आणि नळीतून सांग. आज तूच माझा काटा.

शिप्रेकाठच्या ज्वारीत पडले. साहेबांचा पाय मोडला. मानाजीवर उकळतं तेल सांडलं, तो बैठकीतच गेला. विमान आणि घड्याळ पुढे इंदूरला नीट करून आणलं, आणि तेव्हापासून हे असं. गणोजी म्हणतो, डॉक्टरने दसऱ्याच्या सकाळी मानाजीचा ताप पाहिला होता. किती होता ते मी विचारलं नाही.

आश्विन शुद्ध तृतीया

विद्युल्लतेला पत्र टाकलं, की काही झालं तरी बसू नकोस. उत्तर आलं. लिहिते, कॉलेज अर्ध्यावर, आता उडणंही अर्ध्यावर का? स्वतःला बसायला मिळत नाही म्हणून जळता वाटतं. मी बसणार आणि वरून तुमच्याकडे बघून हात हलवणार.

वेडी पोर.

आश्विन शुद्ध पंचमी

बोलनळी पुसताना कानाला लावली. उगाच. विमान उभं, माळावर कुणी नाही. आतून श्वास. मग हळू, दमलेल्या माणसासारखा आवाज. अंश सांगत होता. एकशे चार. एकशे चार.

म्हणजे साहेब ज्या कानावर उडतात तो —

आश्विन शुद्ध सप्तमी

साहेबांशी भांडलो. वाटेल ते बोललो. म्हटलं, त्या बैठकीत तिला बसवलंत तर विमानाला काडी लावीन. ते रागावले नाहीत, हेच वाईट. म्हणाले, मानाजीसारखा इमानी काटा दुनियेत नाही. वर्षभरात एकदाही चुकला नाही.

अंग दुखतं आहे. थंडी वाजते.

खंडेनवमी

मी घड्याळ काढलं. धुतलं. हळदकुंकू, झेंडू. हात जोडून म्हटलं, मानाजीदादा, आता सुटा. गणोजी रडत होता. परत बसवलं, तर काटा तळाला! ताप उतरला!

नाचलो मी —

मग नळीवरून बोट फिरवलं. मुडपलेली आहे. बसवताना, माझ्याच हातून. मीही तेच —

आणि आज हत्याराला हात लावायचा नाही.

दसरा, सकाळ

साहेब म्हणतात कालपासून नळीत आवाज नाही. काटा मेला, कान मेला. धारला जायचं तर कुणीतरी पुढे हवं. इथून तू बस, नाहीतर तिथे ती बसेलच, तिला काटा व्हायला शिकवीन.

बसतो. ती नको.

कपाळ भाजतं आहे. डॉक्टरने पाहिलं. आकडा सांगायची गरज नाही.

दसरा, वर

पेन्सिल धरवत नाही. साहेब विचारतात, मी सांगतो. गरम. गरम. मधेच नळीत दुसरा आवाज. साहेबांचा नव्हे. लीनपणे विचारत होता, आता मी उतरू का? मला वाटलं बिचारा. म्हटलं, उतरा.

मांडीवरचं ओझं उठलं. तेव्हा कळलं, की होतं.

दसरा, धार

उतरलो. इंजिन चालूच. साहेब खाली हारतुरे घेत आहेत. मला उठता येत नाही. पट्टा सोडला तरी नाही. कळलं आता. माझ्या जागी कुणी बसलं, तरच मी —

ती येते आहे. हिरवं लुगडं. हसते आहे. हात पुढे करून म्हणते, उठा की आता, माझी पाळी —

नाही म्हणायचं आहे. विद्युल्लते, मी नाही म्हणणार आहे. फक्त इतकं भाजतं आहे, इतकं, की तिने एक पाय आत —