भुजंगप्रयातात चालणारा ट्रक

रविवार, संध्याकाळ

लघु, गुरू, गुरू. बाबांचा पेट्रोलवर चालणारा ट्रक उभ्या उभ्या असाच घुरघुरायचा. शाळेत भुजंगप्रयात वृत्त शिकवलं तेव्हा वाटलं, हे तर आपल्या अंगणातलंच.

आता तो मुका झाला आहे. उद्या अंगण मोकळं करायचं आहे; तो स्वतःच्या जोरावर निघाला नाही, तर माझा मुलगा भंगारात देणार. बबन मेकॅनिक म्हणाला, "काका, जुना कार्बेटर खोलून बनवतो, पण गाडी चालू होईनच असं नाही. नवा टाकला त पक्की चालू." मी विचारलं, आवाज तोच राहील? तो हसला. "काहून, गाणं म्हणून घ्यायचं आहे का तिच्याकडून?"

होय, तेच तर. ती घुरघुर जुन्या कार्बेटरचीच; नवा बसवला तर वृत्त मोडणार, जुना ठेवला तर कदाचित ट्रकच... लघु, गुरू, गुरू. दोन्हीकडून मीच हरतो. बबनला आजच सांगायचं आहे. काय सांगू?

हे लिहीत असतानाच दार वाजलं. सावनेरहून थोरला दादा, एकटाच, बसने. जन्मभर हा ट्रक त्यानेच चालवला. आता ठार बहिरा आहे. उंबऱ्यातूनच म्हणाला, "उद्या जाते म्हणे गाडी. एकदा चालू कर ना गा. मले ऐकू येत नाही, बोनेटवर हात ठेवून पाहतो."