दोन काचांमधली टकळी

३ मार्च, सोमवार

आले एकदाची. दोन ट्रंका, एक गादी, आणि कुणी आपटू नये म्हणून सबंध प्रवासभर मांडीवर धरून आणलेला माझा जुना टाइपरायटर. टेम्पोवाल्याने ट्रंक पायरीवर आदळली तेव्हा त्याला चार शब्द सुनावले. आजी, आत अंडी आहेत का, असं तो मला विचारतो. आजी म्हणे!

दार उघडायच्या आधीच धाकट्या बहिणीचं बोलणं सुरू झालं होतं. कडी काढताना, मला मिठी मारताना, ट्रंक ओढताना, सगळं बोलतच. तिचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली, मी आता निवृत्त झाले, दोघींनी दोन घरं कशाला झाडत बसायची, असं तिचं म्हणणं. ती महिनाभर फोनवरून हेच सांगत होती. शेवटी मी हो म्हटलं ते फोन ठेवता यावा म्हणून.

लहानपणी वडिलांनी तिचं नाव टकळी ठेवलं. टकळीवरचं सूत कधीतरी संपतं, हिचं संपत नाही, असं ते म्हणायचे. कॉन्व्हेंटात दर शुक्रवारी सिस्टर आम्हाला तासभर मौन पाळायला लावत. त्याचं बक्षीस सलग चार वर्षं मला मिळालं. टकळी चारही वर्षं बाकावर उभी होती, आणि बाकावरूनही शेजारणीशी बोलत होती. पुढे मी कोर्टात लघुलेखिका झाले. पस्तीस वर्षं परक्यांचं बोलणं शब्दन् शब्द उतरवून घेतलं. घरी आल्यावर कुणाचं ऐकायची ताकद उरत नसे.

घर मात्र सुरेख आहे. शंभरेक वर्षांचं, अरुंद आणि उंच. खिडक्या माणसाहून उंच, वर-खाली सरकणाऱ्या तावदानांच्या. जुनी काच जराशी लहरदार आहे, तिच्यातून समोरची शाळा पाण्यात बुडाल्यासारखी दिसते. टकळीने माझ्या खोलीला नवे पडदे लावलेत. रंग भयंकर आहे. मी एक अक्षर बोलले नाही, यावरून मी किती खुशीत आहे ते समजावं.

६ मार्च, गुरुवार

सुंदर घराला कान असते तर ते केव्हाच पळून गेलं असतं. खिडकीखालीच बसथांबा. शेजारणीचा कुत्रा पान पडलं तरी भुंकतो. शाळेची पितळी घंटा दर पाऊण तासाला डोक्यात ठोकल्यासारखी वाजते. आणि या सगळ्याच्या वर टकळी.

आज काचवाला येऊन गेला. साठीचा, कमी बोलणारा माणूस. मला तेवढ्यावरच आवडला. जुन्या घरांच्या खिडक्या बदलायला परवानगी नाही, म्हणून जुनीला हात न लावता आतल्या बाजूने दुसरी चौकट, तिच्यात जाड काच, आणि मधे वीतभर पोकळी. पुसायला ती दारासारखी उघडते, एरवी रबरात घट्ट बसते. त्याने प्रत्येक खिडकीची वर, मधे, खाली अशी तीन मापं घेतली, कारण जुनी चौकट कधी काटकोनात नसते. आवाज मरत नाही बाई, असं तो म्हणाला, मधल्या पोकळीत तो नुसता दमून बसतो.

मग त्याने एक कागद दिला. कोणकोणते आवाज सलतात ते क्रमाने लिहा म्हणाला, त्यावरून काचेची जाडी ठरते. मी लिहिलं: बस. कुत्रा. घंटा. टकळी खांद्यावरून वाकून वाचत होती आणि माझ्या अक्षराला नावं ठेवत होती. मी चौथ्या ओळीवर लिहिलं: टकळी.

काचवाल्याने चष्मा वर करून विचारलं, हा आवाज कुठल्या बाजूने येतो. टकळी हसून हसून जिन्यावर बसली. आतून येतो हो, चोवीस तास येतो, हिला विचारा, असं म्हणाली. त्याने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. खिडक्याही चारच आहेत.

१० मार्च, सोमवार

बैठकीची खिडकी झाली. बसचा आवाज गेला. कमी झाला असं नव्हे, गेला. बस येते, थांबते, माणसं चढतात, सगळं मूकपटासारखं. कुत्रा आणि घंटा मात्र जशीच्या तशी आहेत. मी दुपारी दोन तास वाचलं. टकळीला पण मान्य करावं लागलं, अर्थात वीस मिनिटं बोलून.

१२ मार्च, बुधवार

जेवणघराची खिडकी झाली. कुत्र्याचा आवाज गेला.

संध्याकाळी कचरा टाकायला अंगणात गेले. कुत्रा कुंपणाला पंजे लावून माझ्याकडे बघत भुंकत होता. जबडा उघडत होता, मानेचे केस उभे राहत होते, लाळ उडत होती. आवाज नव्हता. मी तर घराबाहेर उभी होते, माझ्या आणि त्याच्या मधे काच नव्हती.

शेजारीण म्हणाली की दुपारपासून त्याचा घसा बसलाय, काहीतरी गिळलं असेल मेल्याने.

१४ मार्च, शुक्रवार

माझ्या खोलीची खिडकी. दुपारी शाळेच्या फाटकापाशी मुद्दाम जाऊन उभी राहिले. शिपाई टोला मारत होता, पुन्हा मारत होता, मग हातोडीकडे बघत राहिला. पोरं वर्गातून बाहेर आलीच नाहीत. घंटेला तडा गेला असेल, असं तो म्हणाला. मला तडा दिसला नाही.

घरी येऊन मी टकळीला हे सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी बोलत होते आणि ती ऐकत होती. मग म्हणाली की ताई, निवृत्तीनंतर माणसाला असं होतं, चहा घे.

जिन्याची खिडकी राहू दे, असा निरोप काचवाल्याला द्यायचा विचार मनात आला. शिकलेल्या बाईने असलं काही बोलायचं याची लाज वाटली. सोमवारी तो येईल.

१७ मार्च, सोमवार

चौथी खिडकी दुपारी दोनला बसली.

टकळी जिन्याखाली उभी राहून काचवाल्याला पाणी देत होती आणि त्याच्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी करत होती. गुडघ्यावर एरंडाचं— इथपर्यंत मी ऐकलं. पुढे तिचे ओठ हलत राहिले.

मला वाटलं चेष्टा करते आहे. रागावले. बास झाला पोरकटपणा, असं ओरडले. तिने गळ्याला हात लावला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला पाहवेना, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

१८ मार्च, मंगळवार

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी घसा पाहिला. घसा स्वच्छ आहे. गरम पाणी आणि विश्रांती.

ती वहीत लिहून बोलते. अक्षर अजून तसंच, मुंग्या सांडल्यासारखं. दिवसभरात पाच पानं भरली. शेवटी हात दुखतो म्हणाली. म्हणाली नव्हे, लिहिलं. तरी ओठ थांबत नाहीत तिचे. मी समोर असले की बोलतच असते. मला ओठ वाचता येत नाहीत. कोर्टात मी कधी साक्षीदारांच्या तोंडाकडे पाहिलं नाही, कागदाकडेच पाहिलं.

२० मार्च, गुरुवार

शेजारणीचा कुत्रा गेला. आवाज गेल्यापासून तो काही खातच नव्हता. त्या बाईला रडताना मी धरलं होतं. घाण, ओरडा, केस, सगळ्याचा इतके दिवस संताप केला होता मी.

घरी आले तर टकळीच्या पुढचा भात तसाच. गिळवत नाही, असं वहीत.

जेवणघराची खिडकी पुसायला घेतली, हाताला काहीतरी काम हवं होतं म्हणून. काचेला कान लागला. पोकळीत कुत्रा भुंकत होता. बारीक, दूरवर, पण तोच.

मी काच उघडली. एकच भुंकणं बाहेर आलं, खोलीतून, दारातून, कुंपणापर्यंत गेलं, आणि तिथे जरा थांबल्यासारखं झालं. मग गेलं. पोकळीत आता काही नाही. त्याला परत जायला कुत्रा उरला नव्हता.

२१ मार्च, शुक्रवार

टकळीची पावलंही वाजत नाहीत आता. मी वळते तर ती मागे उभी असते. पेला तिच्या हातून पडला, फुटला, तो फुटल्याचं मला पायात तुकडा गेल्यावर कळलं.

डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी नळी तिच्या छातीला लावली. मग नळी झटकली. स्वतःच्या छातीला लावली, माझ्या लावली, पुन्हा तिच्या लावली. पाठीला लावली. तिने मला डोळा मारला. डॉक्टरांनी मग मनगट धरलं आणि तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. नाडी आहे, मंद आहे, असं म्हणाले. बुधवारी सकाळी मोठ्या दवाखान्यात तपासणीला न्यायचं. जाताना नळी बिघडली आहे असं दोनदा सांगून गेले.

२३ मार्च, रविवार

काचवाल्याला गाठलं. तो बिचारा साधा माणूस, घाबरला. काच उघडा, हवं तर काढून नेतो, असं म्हणाला. कागदावर तुमचं अक्षर होतं ना बाई, मी फक्त तेवढंच केलं, असंही म्हणाला.

काच काढू नका, असं मी म्हणाले. आधी मला बघू दे.

२४ मार्च, सोमवार

जिन्याच्या खिडकीला कान लावला.

ती आहे. आत बोलते आहे. —तेल कोमट करून लावायचं, असं काचवाल्याला सांगत होती. तिथूनच पुढे. कान काढला तर थांबते, लावला की अडलेल्या शब्दापासून सुरू. एक शब्द सांडलेला नाही.

टकळीला उचलून जिन्यावर आणलं, कापसासारखी झाली आहे. खुर्चीत बसवलं. सगळं सांगितलं. तिने लिहिलं: उघड.

उघडते. पण कुत्र्याचं भुंकणं माझ्या डोळ्यांदेखत गेलं. उघडल्यावर तिच्यात परत शिरलं नाही, रस्त्यावर गेलं, तर? हे सात दिवसांचं बोलणं पुन्हा कुठून आणू? तिला म्हटलं, आधी सगळं उतरवून घेते. मग लगेच उघडते. लघुलिपीत नाही, नीट अक्षरात, इथेच. तिने मान हलवली. हो की नाही, मी नीट पाहिलं नाही. वही शोधत होते.

—ताई, आवाज येत नाहीये का तुला? खरंच? बरं, रागावू नकोस. पडदे तुला आवडले नाहीत, माहीत आहे मला. तुझा कान हलतो, लहानपणापासून, काही आवडलं नाही की—

माझा कान हलतो हे मला साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

—तू कधी काही बोलायची नाहीस ना, म्हणून मी दोघींचं बोलायचे. आई विचारायची, मोठीला काय झालंय, मी सांगायचे, तिला शाई हवी आहे, तिला ताप आहे, तिला एकटीला झोपायची भीती वाटते. सिस्टरनी बाकावर उभं केलं ना, ते तुझ्याचसाठी. तुला चक्कर येत होती, तू मौन मोडणार नव्हतीस, मी शेजारणीला सांगत होते की हिला पाणी—

संध्याकाळ झाली. बुधवारचं, गुरुवारचं झालं. हात आखडला. उद्या उरलेलं.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी आठ. ती खुर्चीत. पाणी ओठांना लावलं, खाली ओघळलं. वहीत एकच शब्द: लवकर.

थोडंच राहिलंय गं.

—डॉक्टरांचं तोंड पाहिलंस का? मला वाटलं हसू फुटेल. फुटलंही, तुला कळलं नसेल—

—हिला जेवायला घाला कुणीतरी, ही माझ्यामुळे उपाशी राहते आहे—

रविवार झाला. सोमवार. जलद लिहायला हवं.

—ताई, तू काल किती वेळ बसलीस. एवढं माझं कधी ऐकलं नव्हतंस. बरं वाटतं आहे. उघड आता—

एक मिनिट. हे सुटलं असतं.

—आज तू मान वळवलेली नाहीस. कान काचेला, डोळे वहीवर. ताई, ते सगळं शिळं आहे. मी इथे आहे, तुझ्या मागे, दोन पायऱ्यांवर. हाताला मुंग्या आल्यात—

आजचं आलं. आलेच मी, हे शेवटचं—

—मी हात लांब करते आहे, तुझ्या पदरापर्यंत पोचत नाही. लिहू नकोस गं. वळ. नुसती वळ. खुर्ची कलते आहे, ताई, धर मला, ता—